आजोळाचा आवाज आणि चष्म्यातला वारसा

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयात मुंबईच्या एका स्टार्टअपचे दोन तरुण प्रतिनिधी आले. त्यांच्याजवळ चार काळे चष्मे, एक लॅपटॉप आणि भरपूर उत्साह होता. प्रत्यक्ष जागा आणि संगणकातली जागा ह्यांची सांगड घालून लोकांना वारसा 'अनुभवायला' देणे हा त्यांचा व्यवसाय. ह्याला ते 'फिजिटल' म्हणत. फिजिकल आणि डिजिटल ह्यांचा हा संकर. शब्द कानाला खडबडीत लागतो. पण मुरबाड-शहापूरच्या बोलीतही असे संकर काही कमी नाहीत, तेव्हा शब्दावर हसण्यात अर्थ नाही. प्रश्न शब्दाचा नव्हताच.

त्यांनी इतिहास मंडळाच्या मुलांना नाणेघाट दाखविला. चष्मा डोळ्यांवर चढविला की माणूस एकदम लेण्यात उभा राहतो. मान वर केली की छत, मागे वळले की दरी. भिंतीवरचा ब्राह्मी लेख उजळतो आणि त्यातून राणी नागनिका चालत बाहेर येते. मुले हरखून गेली. आमच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी चष्मा काढायलाच तयार नव्हती. तिचे गाव माळशेजच्या रस्त्यावर आहे. नाणेघाटाचा पायथा असलेले वैशाखरे तिच्या घरापासून एस.टी.ने फार तर अर्ध्या तासावर. ती तिथे कधी गेलेली नव्हती. सुट्टीच्या दिवशी ती आईबरोबर भातलावणीला जाते.

मीही चष्मा लावला. काम सफाईचे होते, हे मान्य केले पाहिजे. एकाच वास्तूची शेकडो छायाचित्रे वेगवेगळ्या कोनांतून घ्यायची, संगणकाने त्यांतले समान बिंदू जुळवून त्रिमिती आकार उभा करायचा, आणि जिथे काही उरलेले नाही तिथे चित्रकाराने भर घालायची, असे हे तंत्र. आणि ही भर घालण्याची जागाच मला महत्त्वाची वाटली. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. आज ते नाहीत. वर कोरलेली नावे आहेत आणि खाली पावलांच्या खुणा आहेत. मधला देह काळाने नेला. चष्म्यात मात्र सगळे देह पुन्हा उभे होते. गोरेपान, सरळ नाकाचे, दूरदर्शनवरच्या मालिकेतल्यासारखे दागिन्यांनी मढलेले. आणि घाट चढून येणाऱ्या वाटेवर पाठीवर ओझी घेतलेले हमाल होते, साठसत्तर तरी असतील. मी एकाच्या जवळ जाऊन पाहू लागलो तर त्याला चेहराच नव्हता. मी विचारले, हे असे का? त्या तरुणाने अगदी प्रामाणिकपणे सांगितले, "सर, ती गर्दी आहे. एकच माणूस करून सगळीकडे चिकटवलाय. प्रत्येकाला चेहरा द्यायचा म्हणजे खर्च वाढतो."

ह्या उत्तराबद्दल मी त्याचा आभारी आहे. प्रस्थापित इतिहासलेखनावर आपण गेली पन्नास वर्षे जे लिहीत आलो, ते त्याने तीन वाक्यांत सांगितले.

आता नाणेघाटाचा लेख काय सांगतो? राजाने आणि राणीने केलेले यज्ञ सांगतो, त्यात दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गाई आणि कार्षापणे मोजून सांगतो. कल्याण-सोपाऱ्याचा माल ह्याच वाटेने वर जुन्नरला जात होता. त्या मालावरच्या उत्पन्नातून यज्ञ झाले असतील, असे अनुमान कोणीही करील; पण माल वाहिला कोणी, हे लेखात नाही. चष्मा लेखापेक्षा वेगळे काही सांगत नाही. फक्त दोन हजार वर्षांपूर्वीचे मौन त्याने रंगीत करून दिले. हीच वाट जिथे संपते त्या जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत मात्र वेगळी भाषा आहे. तिथले लेख बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे घेतात. भिक्षुसंघासाठीच्या ठेवी ह्या श्रेणींकडे विश्वासाने ठेवलेल्या आहेत. म्हणजे ज्या कामाला पुढे जातीच्या उतरंडीत खालची पायरी मिळाली, ते काम करणारी माणसे एके काळी सावकारी पत बाळगून होती, आणि हे दगडावर लिहिलेले आहे. हे चष्म्यात का येत नाही? मी त्या दोघांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मनापासून टिपून घेतले. मग त्यांतला एक म्हणाला की आमचे काम पर्यटन खात्याच्या निविदांवर, कंपन्यांच्या सामाजिक निधीवर आणि देवस्थानांच्या न्यासांवर चालते. जो पैसे देतो तो गोष्ट निवडतो. हा मुलगा नाशिककडच्या एका खेड्यातला, घरातला पहिलाच अभियंता. माझ्यासारखाच पहिल्या पिढीचा. त्याला खलनायक ठरवून लेख सोपा करणे मला जमणार नाही.

त्यांनी आमच्या दोन तालुक्यांसाठी एक यादी आणली होती. शहापूरचा माहुली किल्ला, वारली चित्रे, तारपा नाच, म्हशाची जत्रा, माळशेजचे ढग आणि विहिगावचा धबधबा. ह्या धबधब्याला आज सगळे 'अशोका' म्हणतात. २००१ साली 'अशोका' नावाचा हिंदी चित्रपट आला, त्याचे चित्रीकरण तिथे झाले, तेव्हापासून हे नाव पडले. सम्राट अशोकाचा शिलालेख पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच, सोपाऱ्याला सापडला. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. पण आमच्या मुलांना अशोक माहीत आहे तो धबधब्यावरून. पडद्यावरच्या प्रतिमेने जागेचे नाव बदलावे ही गोष्ट आमच्याकडे चष्म्याच्या आधीच घडून गेली आहे.

यादीत तानसा नव्हता. १८९२ साली पूर्ण झालेले हे धरण शहापूर तालुक्यात आहे, मुंबईची तहान भागविते, आणि उन्हाळ्यात त्याच शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतो. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची ओळ हाही आमचा वारसाच आहे. तो कोणी चष्म्यात मागत नाही.

'वारसा' हा शब्द आपण फार सहज वापरू लागलो आहोत, म्हणून इथे थोडे थांबले पाहिजे. सवर्ण घरात वारसा म्हणजे वाडा, पोथी, तलवार, पैठणी. आमच्या घरात ह्या शब्दाचा अर्थ तलाठ्याच्या कार्यालयात कळला. माझ्या आजोबांना वारशाने मिळाली ती महारकी. गावाची पड ओढणे, सरकारी टपाल दुसऱ्या गावी पोचविणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, आणि बदल्यात वतनाचा जमिनीचा तुकडा व दारोदारची भाकर. ह्या वतनाने महारांना गावाचे गुलाम केले, ते मोडले पाहिजे, हे बाबासाहेब १९२८ पासून मुंबई कायदेमंडळात मांडीत होते. कायद्याने ते मोडले ते त्यांच्या निधनानंतर, १९५८ च्या कायद्याने. तेव्हा आपल्यासाठी वारसा ही जपण्याची वस्तू होण्याआधी टाकून देण्याची वस्तू होती. ज्यांनी वारसा नाकारून माणूसपण मिळविले त्यांना 'तुमचा वारसा जपा' असे कोणी सांगू लागले, की पहिला प्रश्न हाच पडतो: कोणता? आणि जपायचा तो कोणाच्या नावावर?

बैठक संपताना मी त्यांना विचारले, तुमच्या यादीत आंबेटेंबे का नाही? त्यांनी हे नाव ऐकलेले नव्हते. मुरबाड तालुक्यातले हे गाव बाबासाहेबांचे आजोळ म्हणून ओळखले जाते. भीमाबाई मुरबाडकरांची लेक. वडील लक्ष्मण मुरबाडकर लष्करात सुभेदार. धनंजय कीरांच्या चरित्रातही मातुल घराणे ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचे, असा उल्लेख आहे. दोघेही एकमेकांकडे पाहू लागले. आठ दिवसांनी त्यांचा नवा प्रस्ताव आला. आंबेटेंबे येथे 'अनुभव केंद्र' करायचे, आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेली भीमाबाई. पडद्यावर बसलेली, लुगडे नेसलेली. येणाऱ्याने प्रश्न विचारायचे, तिने उत्तरे द्यायची. बाळपणीचा भीमा कसा होता, हेही ती सांगणार.

मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की पहिल्या क्षणी मी मोहरून गेलो. आमचे काही कार्यकर्ते तर अजूनही त्या बाजूने आहेत, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही. ते म्हणतात, सरकारने 'पंचतीर्थ' ठरविले. महू, लंडन, नागपूर, दिल्ली, मुंबई. त्यात आईचे गाव नाही. (त्यात महाडही नाही, हे मी जोडतो. जन्म, शिक्षण, दीक्षा, निर्वाण, चैत्य सगळे आले. संघर्ष तेवढा वगळला. हे विसरभोळेपण म्हणायचे की निवड?) मग कोणी मुरबाडला काही करीत असेल तर आपण का अडवायचे? सवर्णांच्या महापुरुषांनी चष्म्यातून, पडद्यातून फिरायचे आणि आपण फक्त निळ्या झेंड्याखाली भाषणे करायची? नव्या तंत्रावर आपला हक्क नाही काय?

हक्क आहे. तंत्रज्ञानाला घाबरण्याचे आपल्याला कारण नाही. छापखाना, रेल्वे आणि शहर ह्यांनी आपल्याला जेवढे मोकळे केले तेवढे कोणत्या गावगाड्याने केले? म्हणून हा प्रस्ताव तंत्र म्हणून नव्हे, एक कृती म्हणून तपासला पाहिजे.

दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरचे स्मारक मी पाहिले आहे. बाबासाहेबांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी जिथे निधन झाले ती ही जागा. संविधानाच्या उघड्या पुस्तकाच्या आकाराची इमारत, १३ एप्रिल २०१८ रोजी तिचे उद्घाटन झाले. आत पडदे, प्रकाश, ध्वनी, आणि यंत्राने हलणारे, भाषण करणारे बाबासाहेब. त्यापुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या, डोळे पुसणाऱ्या माणसांची मी थट्टा करणार नाही. ती विदर्भातून रेल्वेच्या साध्या डब्यातून आलेली माणसे होती. तरीही मला अस्वस्थ वाटले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना ह्याच माणसाने राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते असे बजावले होते. हलणाऱ्या प्रतिमेला आपण प्रश्न विचारू शकत नाही. तिच्यासमोर फक्त उभे राहू शकतो. दिल्लीतच १४ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे नेमके भीमजयंतीला, प्रधानमंत्री संग्रहालय उघडले. तिथे हवा तो पंतप्रधान निवडून त्याच्याबरोबर छायाचित्र काढता येते. यंत्राचा हात त्याच्या सहीचे पत्र लिहून देतो. लोकशाहीतला नागरिक पंतप्रधानाला पत्र लिहितो आणि उत्तर मागतो, अशी आमची समजूत होती. इथे पंतप्रधानच नागरिकाला आठवणीदाखल पत्र देतो. करमणूक म्हणून छान आहे.

पण अलीपूर रोडच्या त्या हलत्या बाबासाहेबांमागे काहीतरी आधार आहे. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित आहे. त्यांची भाषणे आणि लेखन १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने खंडांमागून खंडांत छापले. त्यासाठी वसंत मूनांनी आयुष्य वेचले. यंत्राने चूक केली तर पुस्तक उघडून ती दाखविता येते. भीमाबाईंच्या बाबतीत काय आहे? त्या १८९६ च्या सुमारास साताऱ्याला गेल्या. बाबासाहेब तेव्हा पाचसहा वर्षांचे. त्यांचा आवाज कोणी मुद्रित केलेला नाही, त्यांनी लिहिलेले पत्र नाही. लष्करात पुरुषांच्या नेमणुकांच्या, निवृत्तिवेतनाच्या नोंदी होत. सुभेदाराच्या लेकीची, सुभेदाराच्या बायकोची नोंद कशासाठी होणार? चौदा बाळंतपणे सोसलेल्या ह्या बाईबद्दल आपल्याजवळ चरित्रांतली मोजकी वाक्ये आहेत. हे रितेपण अपघाताने आलेले नाही. जात आणि बाईपण ह्या दोहोंनी मिळून ते घडविले आहे.

आता ह्या रितेपणात यंत्र काय भरणार? भाषेचे यंत्र जे शिकले ते छापील मजकुरावर. मराठीत छापील मजकूर कोणाचा? त्यातली आई कोणाची? म्हणजे भीमाबाईंच्या तोंडी श्यामच्या आईची भाषा येणार, हे वेगळे सांगायला नको. प्रस्तावाबरोबर नमुन्याची एक चित्रफीत होती. तीत ती बाई म्हणते, "बाळ भीमा, खूप शिकून मोठा हो." उच्चार आकाशवाणीच्या बातम्यांचे. ज्या मुरबाडात आजही 'नाही'ला 'नाय' म्हणतात तिथली ही लेक. माझी आई ती चित्रफीत पाहून एवढेच म्हणाली, "ही कुनाची बामनीन?" समीक्षा लिहायला मला दहा पाने लागतात.

म्हणून माझे मत असे झाले की भीमाबाईंना आवाज देऊ नये. आंबेटेंब्याला स्मारक व्हावे, जरूर व्हावे; पण तिथे एक रिकामी भिंत असावी आणि तिच्यावर लिहिलेले असावे की ह्या बाईचे शब्द कोणी नोंदले नाहीत. नाणेघाटात पुतळ्यांची पावले उरली आहेत, ती जशी खरे सांगतात तशी ही भिंत सांगेल. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला हे पटले नाही. "सर, रिकामी भिंत बघायला कोण येणार?" असे त्यांनी विचारले. ह्या प्रश्नाला माझ्याजवळ अजून समाधानकारक उत्तर नाही.

मग वस्तू आणि संगणक ह्यांची सांगड घालूच नये काय? असे मुळीच नाही. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण ताजे आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने तशाच घाटाची पायताणे मिलानच्या मंचावर मिरविली आणि प्रथम कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाली तेव्हा मान्य केले. त्यानंतर आपल्या चर्मोद्योग महामंडळाने, म्हणजे लिडकॉमने, चपलेवर क्यूआर कोड आणला. मोबाईल धरला की कारागिराचे किंवा गटाचे नाव, ठिकाण, माल कळतो. मला हे त्या चष्म्यापेक्षा क्रांतिकारक वाटते. शतकानुशतके ज्याने चप्पल शिवली त्याचे नाव चपलेबरोबर गिऱ्हाइकाच्या घरात जात आहे. ज्या घरात तो स्वतः चपला बाहेर काढूनही जाऊ शकत नव्हता. त्या कोडात अजून एक गोष्ट नाही. हे कातडे कमावणाऱ्याला आणि शिवणाऱ्याला समाजाने काय किंमत दिली, ते तिथे लिहिलेले नाही. ते लिहिले तर चप्पल खपेल काय? खपली पाहिजे, असे मला वाटते.

दुसरे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' त्या संगणकाच्या जाळ्यावर ठेवीत आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यांत आहेत. चष्मा नाही, धूर नाही, प्रकाश नाही. आवाज, आणि आवाजाखाली गाणारणीचे नाव, गाव, जात, मुले किती, धंदा काय. हमालाला चेहरा देण्याला खर्च येतो हे खरे. पण नाव द्यायला किती येतो?

त्या स्टार्टअपने आमच्या विद्यार्थ्यांसाठी जी योजना ठेवली होती तिच्यात नाव नव्हते. मुलांनी दोन महिने आपापल्या गावातल्या गोष्टी, गाणी, जुने फोटो गोळा करायचे, बदल्यात प्रमाणपत्र मिळणार. आणि जमलेल्या साऱ्या सामग्रीवर कायमचा हक्क कंपनीचा. करारातले हे कलम इंग्रजीत होते, सातव्या पानावर. वाचल्यावर मला वेठबिगारीची आठवण झाली, आणि मी अतिशयोक्ती करीत नाही. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची काही गावेही आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने ह्या क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिलेला आहे. वारली वा ठाकूर पाड्यातले गाणे उचलायचे तर ग्रामसभेपुढे यावे लागेल, असे आम्ही त्यांना लिहून कळविले. दलित वस्तीला असा कायदाही नाही. म्हणून तिथे प्रत्येक सांगणाऱ्याची मराठीतली संमती, नाव आणि पुढच्या उत्पन्नातला वाटा मागितला. भीमाबाईंच्या प्रस्तावाला नकार दिला, आणि नाणेघाटाच्या चष्म्यात जुन्नरच्या श्रेणींचे लेख घालावेत असे सुचविले. त्या नाशिककडच्या मुलाने खाजगीत फोन करून सांगितले की सर, तुमचे बरोबर आहे, पण वरचे लोक दुसरा तालुका बघताहेत.

डिसेंबरात मी बावीस मुलांना घेऊन एस.टी.ने वैशाखऱ्याला गेलो आणि आम्ही घाट चढलो. ती विद्यार्थिनी आईची परवानगी काढून आली होती. लेण्यात ती बराच वेळ त्या पावलांपाशी बसली, वहीत त्यांचे माप काढले, आणि मग म्हणाली, "सर, माझी आजी ह्याच वाटेनं डोक्यावर मोळी घेऊन जायची." आजी आहेत काय, असे मी विचारले. आहेत म्हणाली. त्या आठवड्यात तिने आपल्या मोबाईलवर आजीचे चाळीस मिनिटांचे बोलणे आणि अकरा ओव्या मुद्रित केल्या. आजीने एक अट घातली आहे: सावकारावरची ओवी त्याचा धाकटा मुलगा जिवंत असेपर्यंत कोणाला ऐकवायची नाही, कारण त्याच्या शेतावर अजून सुनेला कामाला जावे लागते. ती अट वहीच्या पहिल्या पानावर, आजीच्या नावाखाली लिहून ठेवली आहे.